शाळेच्या दारातली परीक्षा: पॅरिस ते घोडेगाव

आजचा भाग ज्यांना कानाने ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला मजकूर. बोलताना जे "म्हणजे बघा ना" वगैरे येतं, त्यातलं थोडं काढलंय, थोडं तसंच ठेवलंय.

सुरुवात घरच्या गोष्टीने करतो. माझी भाची साडेपाच वर्षांची. ताई आणि दाजींनी ठरवलं, पोरीला शहरातल्या इंग्रजी शाळेत घालायचं. शाळेचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. शाळेने सांगितलं, "टेस्ट वगैरे काही नाही हो, फक्त मुलीशी गप्पा मारतो." गप्पा म्हणजे काय, तर समोर चित्रांची कार्डं. एक स्ट्रॉबेरीचं, एक इग्लूचं, एक पियानोचं. पोरगी गप्प. पाच मिनिटांत गप्पा संपल्या. प्रवेश मिळाला नाही.

परत येताना गाडीत तिने मला विचारलं, "मामा, ते पांढरं पांढरं घर कोणाचं होतं?"

आता ही पोरगी आमच्या गावाकडे, म्हणजे भीमाशंकरच्या डोंगराखाली, मे महिन्यात करवंदाच्या जाळीत शिरते आणि कुठलं पिकलंय, कुठलं अजून चिकाचं आहे ते लांबून सांगते. झाडावरचा शेकरूचा खोपा दाखवते. आजीबरोबर हिरडा वेचायला जाते. पण याचं कार्ड कोणी दाखवलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता. शिकवायला सुरुवात करण्याआधीच पोराची परीक्षा घ्यायची, ही कल्पना आली कुठून? आणि तिची तयारी करून घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं? आजचा भाग त्यावरच.

एक शाळा, जिच्या दारात परीक्षा नव्हती

आधी पुण्यात जाऊ. साल १८४८. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले मुलींची शाळा सुरू करतात. एक गोष्ट आपण विसरतो: ही सरकारी शाळा नव्हती. आजच्या भाषेत बोलायचं तर खाजगीच. पण प्रवेशाला चाचणी? आई-बापाची मुलाखत? उलट घरोघरी जाऊन मुली आणाव्या लागत होत्या.

परीक्षा होती, पण नंतर. १८५२ साली या शाळेतल्या मुलींची जाहीर परीक्षा झाली आणि ती बघायला माणसं जमली. आधी शिकवलं, मग विचारलं. ती परीक्षा जितकी मुलींची होती, तितकीच शाळेची होती. शिकवलेलं पोरींना आलं का, हे सगळ्या गावासमोर दिसत होतं.

हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट याच्यावर आहे. शिकवल्यानंतरची परीक्षा शाळेचं काम मोजते. शिकवण्याआधीची परीक्षा पोराचं घर मोजते. घरात पुस्तकं आहेत का, इंग्रजी कार्टून लागतं का, आई-बाप कितवी शिकलेत, हेच त्यात उतरतं.

जोतीरावांना हे पक्कं कळलेलं होतं. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर कमिशन नेमलं. जोतीरावांनी त्यांच्यापुढे लेखी निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही मागणी आहे. ती बहुतेकांना माहीत असते. पण शिष्यवृत्त्यांबद्दलही त्यात एक मुद्दा आहे. जोतीरावांचं म्हणणं थोडक्यात असं: स्पर्धा लावून शिष्यवृत्ती देणं वरवर न्यायाचं वाटतं, पण ज्या समाजांत शिक्षण पोचलंच नाही, तिथे ते त्याने पोचत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या त्याच समाजांसाठी ठेवा.

१८८२! अजून बुद्धिमत्ता चाचणी नावाची गोष्ट जन्माला यायची होती, आणि पुण्यातला एक माणूस तिची मर्यादा सांगून मोकळा झाला होता. आपल्या भागाशी त्यांचं नातं जवळचं. जुन्नर तालुक्यातलं ओतूर हे त्या काळी सत्यशोधक समाजाचं जोरदार केंद्र होतं. तेव्हा हा विचार आपल्याकडे बाहेरून आलेला नाहीये.

पॅरिस, १९०५: मदतीसाठी बनवलेली चाचणी

आता जरा लांब जाऊ. फ्रान्समध्ये सगळ्या मुलांना शाळा सक्तीची झाली होती. साहजिकच काही मुलं मागे पडायला लागली. १९०४ मध्ये सरकारने एक समिती नेमली: जादा मदत कोणाला लागेल, हे ओळखायचं कसं? आल्फ्रेड बिने नावाचे मानसशास्त्रज्ञ त्या कामात होते. त्यांनी थिओडोर सिमों या तरुण डॉक्टरला बरोबर घेतलं आणि १९०५ मध्ये तीस छोट्या कामांची यादी तयार केली. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी. दोन रेघांतली लांब कुठली, शरीराचे अवयव दाखव, मी म्हणतो ते आकडे परत म्हण, असं.

जगातल्या बुद्धिमत्ता चाचण्यांची ही आजी. आणि तिचा हेतू काय होता? मुलाला बाहेर ठेवायचं नव्हतं. कोणाजवळ जास्त वेळ बसायचं, ते ठरवायचं होतं.

बिने आणखी एक गोष्ट सांगत. बुद्धी म्हणजे उंचीसारखी मोजून भिंतीवर खूण करायची वस्तू नाही. ती सरावाने वाढते. मागे पडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी लक्ष एकाग्र करायचे व्यायाम सुचवले. त्यातला एक व्यायाम म्हणजे मुलांनी पुतळ्यासारखं अजिबात न हलता उभं राहायचं. हो, आपण गल्लीत खेळायचो तोच, "स्टॅच्यू!" मुलाची तयारी म्हणजे काय, याचं हे पहिलं उत्तर. उत्तरं पाठ करून घ्यायची नाहीत, लक्ष द्यायची सवय लावायची.

बिने १९११ मध्ये गेले. चाचणी अमेरिकेत पोचली आणि तिचा स्वभावच बदलला. १९१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी तिची नवी आवृत्ती काढली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १७ लाख सैनिकांना अशा चाचण्या दिल्या. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी चित्रांचा पेपर होता, चित्रात काय राहिलंय ते ओळखायचं. एका चित्रात टेनिसचं मैदान होतं आणि त्यात जाळी नव्हती. आता ज्याने जन्मात टेनिस बघितलं नाही, तो काय सांगणार? त्याला अक्कल नव्हती असं नाही, टेनिसचं मैदान कधी समोर आलं नव्हतं. आमच्या भाचीचा इग्लू आणि हे मैदान, दोन्ही एकाच जातीचे प्रश्न.

चाचणी मराठीत येते

आपल्याकडे ही चाचणी आली कशी? मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात व्ही. व्ही. कामत नावाचे शिक्षणतज्ज्ञ होते. त्यांनी बिनेंची चाचणी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बसवली. १९३४ मध्ये त्यांचं काम ब्रिटनमधल्या एका शोधपत्रिकेत आलं आणि पुढे भारतीय मुलांची बुद्धी मोजण्यावर त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं. हे काम सोपं नव्हतं. नुसतं भाषांतर करून भागत नाही. फ्रँकचं नाणं दाखवून बेळगाव-धारवाडच्या पोराला "हे किती?" असं कसं विचारणार? नाणी, चित्रं, शब्द, सगळं इथलं लागतं, आणि मग इथल्या मुलांवर ते पुन्हा तपासून बघावं लागतं.

पुढे "बुद्धिमत्ता चाचणी" हा शब्द आपल्या घराघरात गेला. कसा? स्कॉलरशिपमुळे. आधी चौथी-सातवीची, मग २०१६-१७ मध्ये पाचवी-आठवीची झालेली शिष्यवृत्ती परीक्षा. त्यातल्या "बुद्धिमत्ता"च्या पेपरची जाडजूड गाईडं तुमच्यापैकी अनेकांनी झिजवली असतील. वर्गातली चार "हुशार" पोरं निवडून गुरुजी जादा तास घ्यायचे, आठवतंय? आणि बाकीची पोरं बाहेर खेळायची, तेही आठवतंय?

पुण्यात आणखी एक प्रयोग झाला. १९६२ मध्ये डॉ. वि. वि. ऊर्फ आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला. बुद्धिमान मुलं हेरायची, त्यांना पाचवीपासून वेगळं शिक्षण द्यायचं आणि त्यांनी समाजासाठी काम करावं, असा विचार. निवड अर्थातच चाचण्यांनी. मराठी मध्यमवर्गात "प्रबोधिनीची परीक्षा" हा घरगुती शब्द झाला.

निवड करून चांगलं शिक्षण देण्यात वाईट काही नाही. पण जिथे निवड आली तिथे तयारी आली, आणि तयारी आली की वेळ, पैसा आणि माहिती कोणाकडे आहे हा प्रश्न आलाच. इंग्लंडने हे मोठ्या प्रमाणावर भोगलं. १९४४ च्या कायद्यानंतर तिथे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी व्हायची. थोडी ग्रामर स्कूलला, बाकी साध्या शाळांत. अकराव्या वर्षी आयुष्याचा रस्ता ठरायचा. १९६५ पासून बऱ्याच भागांनी ही पद्धत सोडली, पण केंटसारख्या काही भागांत ती आजही आहे आणि तिथे शिकवण्याही जोरात चालतात.

याच इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात एक कामाची गोष्ट उजेडात आली. फिलिप व्हर्नन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की सराव केला की या "जन्मजात" बुद्धीचे गुण वाढतात. त्यातली मोठी वाढ पहिल्या काही सरावांतच होते. नंतर महिनोन् महिने रगडलं तरी फार भर पडत नाही. हा मुद्दा बाजूला लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता आपल्या डोंगरात

घोडेगाव. आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाण. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलंय. धरणाच्या वरच्या अंगाला आहुपे, असाणे, तेरुंगण अशी महादेव कोळी समाजाची गावं. या गावांतल्या पोरांसाठी शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा, नाहीतर आश्रमशाळा. खाजगी इंग्रजी शाळा खाली. घोडेगाव, मंचर, नारायणगाव, जुन्नर.

अशा घरातल्या पोराला "चांगल्या शाळेत" जायचं असेल तर आज साधारण तीन दारं आहेत. आणि प्रत्येक दारातली तयारी वेगळी आहे. आपली गडबड इथेच होते, आपण तिन्ही दारांना एकच किल्ली लावत बसतो.

पहिलं दार, पहिलीचा खाजगी शाळेतला प्रवेश. इथे कायदा स्वच्छ आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१०. त्याचं कलम १३ सांगतं की प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायची नाही. पहिल्यांदा मोडलं तर २५ हजारांपर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. जागा कमी आणि मुलं जास्त असतील तर चिठ्ठ्या टाका. म्हणजे त्या "गप्पा" निवड करण्यासाठी असतील, तर त्या कायद्यात बसत नाहीत. तेव्हा साडेपाच वर्षांच्या पोराला इग्लू आणि पियानो पाठ करून देणारा क्लास लावायचा विचार असेल, तर ते पैसे वाचवा. पोराला गोष्टी सांगा, मोजायला लावा, अनोळखी माणसाशी बोलायची सवय लावा. ही शाळेची तयारी झाली. तीच खरी.

याच कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवल्या, त्याही सोडतीने. २०२४ च्या सुरुवातीला राज्य सरकारने नियम बदलून, ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. मैदानातल्या गावांसाठी ही मोठी गोष्ट. डोंगरातल्या गावाला मात्र शाळेपासूनचं अंतरच आडवं येतं.

दुसरं दार, नामांकित शाळा योजना. आदिवासी विकास विभाग आदिवासी मुलांना नावाजलेल्या इंग्रजी निवासी शाळांत पाठवतो आणि त्यांची फी सरकार भरतं. २०१०-११ च्या सुमारास ही योजना सुरू झाली. पुढे वर्षाला २५ हजार मुलांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. आपल्याकडचे अर्ज घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जातात. इथे पोराची परीक्षा नाही. परीक्षा कागदांची आहे. जन्माचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. एक कागद राहिला की वर्ष गेलं. म्हणून इथली तयारी पोराची कमी आणि घरातल्या मोठ्यांची जास्त. दाखले जानेवारीतच काढायला टाका, मे महिन्यात सेतू केंद्रावर पळापळ नको.

पण एक तयारी पोराचीही असते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. सहा वर्षांचं लेकरू आईपासून लांब, वेगळ्या भाषेत, वेगळ्या जेवणात राहणार आहे. त्याला स्वतःची आंघोळ, कपडे, ताट जमतं का? दुखलं-खुपलं तर मोठ्या माणसाला सांगायची हिंमत आहे का? आठवड्याला फोन लागेल का? नंबर लागला या आनंदात हे प्रश्न मागे राहतात. आणि उत्तर "नाही" आलं, तर एक वर्ष थांबण्यात किंवा गावच्या शाळेत ठेवण्यात काही कमीपणा नाही.

तिसरं दार: इथे मात्र अभ्यास करायचा

तिसरं दार नवोदयचं. ही शाळा केंद्र सरकारची, पण दारात परीक्षा असलेली. १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून देशात दोनच नवोदय विद्यालयं निघाली. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. पुणे जिल्ह्याचं नवोदय शिरूर तालुक्यात पिंपळे जगतापला आहे. सहावीला एका वर्षी जास्तीत जास्त ८० मुलं. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. एक तृतीयांश मुलींना. अर्जाला फी नाही. पेपर मराठीत देता येतो.

पेपर असा: दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न, म्हणजे ५० गुण, मानसिक क्षमतेचे, आणि तेही नुसत्या आकृत्यांचे. वेगळी आकृती कुठली, आरशात कशी दिसेल, पुढे काय येईल. २० प्रश्न गणिताचे, २० भाषेचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, पाचवीत असताना.

आता व्हर्ननसाहेबांचा मुद्दा आठवा. आकृत्यांचे प्रश्न ज्याने जन्मात पाहिले नाहीत, तो पहिला अर्धा तास "हे नक्की विचारतायत काय?" यातच घालवतो. ज्याने पाच-सहा पेपर सोडवलेत, तो लगेच कामाला लागतो. शहरातल्या क्लासच्या पोराकडे आणि आहुप्याच्या पोराकडे जो फरक असतो, त्यातला मोठा भाग एवढाच असतो. बुद्धीचा प्रश्नच येत नाही, ओळख नसते. आणि ती ओळख करून द्यायला काही हजारांचा क्लास लागत नाही.

कोण करून देणार? तुम्ही. हो, तुम्हीच. घरात स्मार्टफोन तुमच्या हातात असतो. धाकट्या भावाचा, चुलत बहिणीचा फॉर्म तुम्हीच भरता, रेंजसाठी टेकडीवर जाऊन. तर फॉर्म भरून थांबू नका. जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घ्या. पाच-सहा रविवार काढा. पहिला पेपर घड्याळ न लावता, शेजारी बसून, "हे असं का?" असं बोलत बोलत. शेवटचे दोन पूर्ण दोन तास, घड्याळ लावून. ओएमआर शीटवर पेनाने गोल भरायचा सराव द्या, कारण उत्तर येत असून चुकीचा गोल भरणारी पोरं खूप असतात. एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, हे दहा वेळा सांगा. आणि त्याला रोज थोडं मराठी वाचायला लावा, कारण भाषेचे उतारे ऐनवेळी पाठ होत नाहीत.

एवढं केलंत तर नंबर लागेलच असं मी म्हणत नाही. जागा ८०, अर्ज कितीतरी पट. बहुतेक मुलांचा नंबर लागत नाही, ही साधी वजाबाकी आहे. म्हणून निकालाच्या दिवशीचीही तयारी आधीच करून ठेवा. "तू नापास झालास" हे वाक्य घरात कोणी उच्चारायचं नाही. त्या दोन तासांत ८० जागा भरल्या, बस्स. पाच-सहा रविवारी जे गणित आणि वाचन झालं ते त्याचंच राहतं, सहावी गावच्या शाळेत केली तरी.

आमच्या भाचीचं काय झालं? ती आता जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पहिलीच्या बाईंनी पहिल्या आठवड्यात मुलांना शाळेमागच्या ओढ्याकडे नेलं आणि दिसतील त्या झाडांची नावं विचारली. पोरीने सतरा सांगितली. मग बाईंनी ती फळ्यावर लिहिली आणि तिथून अक्षरं शिकवायला सुरुवात केली. हीसुद्धा चाचणीच होती म्हणा. फरक एवढाच, की ती दार उघडून आत घेतल्यावर झाली.

पुढच्या भागात भेटू. तोवर घरातल्या पाचवीच्या पोराला विचारा, नवोदयचा पेपर कधी बघितलायस का. "नाही" म्हणाला, तर पहिला रविवार ठरवून टाका.